छापलेले सगळेच वाचायचे नसते: बडोद्यातल्या एका जुन्या पुस्तकाला संगणकाचा आवाज देताना

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला मराठी मंडळींनी चालवलेले एक छोटे वाचनालय आहे. वर्गणीदार बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचे. कुणाला काचबिंदू, तर कुणाला नजरेच्या मधल्या भागातलेच दिसेनासे झालेले. त्यांच्यासाठी एक पुस्तक ऐकण्याजोगे करायचे ठरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बडोद्यात छापलेले, संस्थानी काळाच्या आठवणींचे, २१२ पानांचे. एकाच माणसाने एकाच पट्टीत, शांत खोलीत सात-आठ तास वाचणे जमणार नव्हते, म्हणून न्यूरल आवाज, म्हणजे माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून बोलायला शिकलेल्या संगणकाचा आवाज, घ्यायचा असे ठरले.

पानाला अडीचशे शब्द धरले तर पुस्तक साधारण ५३,००० शब्दांचे होते. हे आवाज नेहमीच्या वेगाने मिनिटाला सव्वाशेच्या आसपास मराठी शब्द बोलतात, म्हणजे सात तास. आवाज तयार व्हायला संगणकाला एक दुपार पुरते. या कामाला मात्र दहा आठवडे लागले, आणि त्यांतले आठ मजकूर तयार करण्यात गेले. असे काम हाती घेणाऱ्याने वेळेचा हिशेब याच प्रमाणात मांडावा.

पहिला प्रयोग आणि काकूंचा आक्षेप

सुरुवात चुकीच्या आवाजाने झाली. मदतीला आलेल्या तरुणाने हिंदी आवाज निवडला, कारण त्यात पर्याय जास्त होते आणि लिपी तीच होती. हिंदी आवाज ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ म्हणतो, ‘ऋण’ला ‘रिण’ आणि ‘ळ’पाशी अडखळतो. गुजराती आवाजात ‘ळ’ सापडला असता, पण ‘ज्ञ’चा ‘ग्न’ झाला असता. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही क्लाउड सेवांत मराठीचे स्वतंत्र न्यूरल आवाज आहेत, त्यामुळे लिपी सारखी म्हणून भाषा उसनी घेण्याची गरज नव्हती.

मराठी आवाजात तीन मिनिटांचा नमुना काढून पाच जणांना ऐकवला. दुसऱ्याच मिनिटाला एका काकूंनी हात वर केला.

“अरे, थांबव जरा. हा सारखा ‘कान्हीं, कान्हीं’ काय करतोय?”

“काकू, पुस्तकात तसंच छापलंय. ‘कांहीं’. दोन्हीवर टिंब आहे.”

“छापलंय रे तसं. पण तसं वाचतं कोण?”

पुढची सगळी दिशा या प्रश्नाने ठरली. शाळेत जुनी पुस्तके वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांना ‘कांहीं’ दिसते आणि तोंडातून ‘काही’ येते. यंत्राला ही सवय नसते. पूर्वीचे वाचक-संगणक ध्वनीचे तुकडे जोडून बोलायचे. २०१६ मध्ये डीपमाइंड या कंपनीच्या वेव्हनेट या प्रणालीने दिशा बदलली. आता एक न्यूरल जाळे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली, मजकुरावरून आवाजाचा आराखडा काढते, दुसरे त्याचा प्रत्यक्ष ध्वनी करते, आणि अलीकडच्या काही पद्धतींत दोन्ही कामे एकच जाळे करते. पण हे जाळे शिकते ते आजच्या लेखनातला मजकूर आणि आजचे ध्वनिमुद्रण यांच्या जोड्यांवरून. त्याच्या दृष्टीने अनुस्वार म्हणजे उच्चारायची खूण. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पानावर बरेच अनुस्वार नुसते व्युत्पत्तीची किंवा व्याकरणाची आठवण म्हणून असत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

अनुस्वार: खरे काम इथे होते

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. अनुच्चारित अनुस्वार त्यांनीच काढून टाकले. म्हणून १९६२च्या आधी छापलेले जवळजवळ कोणतेही मराठी पुस्तक यंत्राला द्यायचे असेल तर त्याची वेगळी ‘वाचनप्रत’ करावी लागते. मूळ प्रत जशीच्या तशी जपायची. बदल फक्त वाचनप्रतीत करायचे, तेही लेखनापुरते. ‘करितों’चे ‘करितो’ होईल, ‘करतो’ होणार नाही. लेखकाचा शब्द बदलण्याचा अधिकार कुणालाच नाही.

सगळे अनुस्वार एका फटक्यात काढण्याचा मोह पहिल्याच दिवशी झाला, आणि ‘मांडवी’ची ‘माडवी’, ‘दांडिया’चा ‘दाडिया’, ‘बांधिले’चे ‘बाधिले’ झाले. मग शब्दांचे तीन ढीग केले.

पहिल्या ढिगात निर्धोक शब्द: कांहीं, नाहीं, नांव, गांव, पांच, आंत, येथें, तेथें, मीं, तूं, आम्हीं, त्यानें, केलें, असें. यांची यादी करून संगणकाला सरसकट बदलू दिले. अट एकच, बदल अख्ख्या शब्दाचाच व्हावा, शब्दाच्या आतल्या तुकड्याचा नाही. नाहीतर ‘आंत’चा ‘आत’ करताना ‘शांत’ आणि ‘प्रांत’ मोडतात.

दुसऱ्या ढिगात अर्धे ठेवायचे आणि अर्धे काढायचे असे शब्द. ‘मुलांनीं’तला पहिला अनुस्वार उच्चारात आहे, शेवटचा नाही. ‘महाराजांनीं’चेही तसेच. इथला नियम सोपा आहे: ‘नीं’, ‘शीं’ या प्रत्ययांवरचे टिंब काढा, त्याच्या आधीचे राहू द्या.

तिसरा ढीग सगळ्यांत छोटा, पण वेळ सर्वांत जास्त त्यानेच खाल्ला. ‘घरांत’, ‘हातांत’, ‘राजवाड्यांत’, ‘डोळ्यांत’. जुन्या लेखनात एकवचनी ‘घरांत’ आणि अनेकवचनी ‘घरांत’ सारखेच दिसतात. आज एकवचनी ‘घरात’ लिहितो, अनेकवचनी ‘घरांत’, आणि दुसऱ्यातला अनुस्वार बोलतोही. पुस्तकात एक वाक्य होते: ‘शहरांत त्या वर्षीं पाणी चढलें.’ आधीच्या परिच्छेदात एकट्या बडोद्याची गोष्ट आहे की बडोदे, पाटण, नवसारी अशा गावांची, हे वाचल्याशिवाय टिंब ठेवायचे की काढायचे ते ठरत नाही. प्रत्येक जागी मागच्या चार ओळी वाचणे एवढाच उपाय. पानाला दोन-तीन अशा जागा निघाल्या. हे काम दोन निवृत्त शिक्षिकांनी केले. कोणतेही स्वयंचलित साधन इथे वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे; चुकले तर वाक्य सुरळीत ऐकू येते, अर्थ मात्र बदललेला असतो, आणि तपासणाऱ्याचा कान तिथे थांबतच नाही.

पानावरून मजकूर उचलताना

त्याआधी पाने स्कॅन करून त्यांचा मजकूर केला होता. ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), करड्या छटांत, आणि चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रणालीचे मराठी मॉडेल. जुन्या खिळ्यांचा ‘ख’ हे यंत्र हमखास ‘रव’ वाचते. ‘खाऊन’चे ‘रवाऊन’ डोळ्यांना पटकन दिसत नाही, ऐकताना मात्र खड्यासारखे लागते. ‘घ-ध’, ‘भ-म’, ‘ब-व’ या जोड्याही तपासाव्या लागतात. पानाच्या डोक्यावरचे पुस्तकाचे नाव आणि पानक्रमांक काढले नाहीत तर वाक्याच्या मधोमध आवाज ‘एकशे सदतीस’ म्हणून पुढे जातो.

एक खोच लक्षात ठेवण्यासारखी. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘सूर्य’मधला र्य हे उच्चाराने वेगळे आहेत. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाकी. मजकूर उचलताना किंवा एका फाइलीतून दुसरीत नेताना ऱ्यचे र्य होते, कारण काही फाइलींत ती खूण अदृश्य जोडचिन्हाने टाकलेली असते आणि ‘साफसफाई’ करताना ते चिन्ह उडते. मग आवाज ‘दुसर्‌-र्या’ असा आघात देतो. सगळीकडे युनिकोडमधला, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीतला, ०९३१ क्रमांकाचा ऱ वापरला की प्रश्न मिटतो. ‘बर्या’, ‘सर्या’, ‘तर्या’, ‘णार्या’ असे शेवट शोधले की बहुतेक जागा सापडतात.

आकडे, आणे आणि ‘रा. रा.’

संक्षेपांमागचे टिंब यंत्राला पूर्णविराम वाटते. ‘रा. रा.’, ‘कै.’, ‘ता.’, ‘इ. स.’ यांच्यानंतर आवाज खाली उतरतो, थांबतो आणि नवे वाक्य सुरू केल्यासारखा उठतो. म्हणून वाचनप्रतीत ‘राजमान्य राजेश्री’, ‘कैलासवासी’, ‘तारीख’ असे पूर्ण लिहिले. सालेही अक्षरांत लिहिली. महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना, म्हणजे पुढच्या सयाजीरावांना, दत्तक घेतले ते २७ मे १८७५ रोजी. आवाज एकदा ‘एक हजार आठशे पंच्याहत्तर’ म्हणाला, दोन पानांनंतर ‘अठराशे पंच्याहत्तर’. अक्षरांत लिहिले की हा लहरीपणा संपतो.

पुस्तकातली किंमत मात्र आजच्या माणसालाही चटकन वाचता येत नाही. ‘बाबाशाही रु. ३॥।’ (बाबाशाही म्हणजे बडोदे संस्थानाचे जुने चलन) यातल्या उभ्या रेघा दंड नाहीत. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणजे हे पावणेचार रुपये. ‘१॥’ दीड, ‘२॥’ अडीच, ‘५।’ सव्वापाच. मजकूर उचलणारे यंत्र या रेघा पूर्णविराम समजते किंवा गिळून टाकते, आणि पावणेचारचे तीन होतात. ‘५-४-६’ हे पाच रुपये, चार आणे, सहा पै. असे सगळे आकडे मूळ पानावर बोट ठेवून तपासले.

दोन ‘ज’ आणि दोन ‘च’

मराठीत ‘ज’ लिहायचा एकच, बोलायचे दोन. ‘जरा थांब’मधला दाताला लागणारा आणि ‘जरा-मरण’मधला टाळूला लागणारा. ‘चोर’ आणि ‘चंद्र’. ‘माझा’ आणि ‘माझी’. न्यूरल आवाज नेहमीच्या शब्दांत हे बहुधा बरोबर सांभाळतो, कारण ते त्याने ऐकलेले असतात. चुकतो तो नावांत आणि जुन्या शब्दांत. बडोद्याच्या पुस्तकात गुजराती नावे जागोजाग आहेत, आणि गुजरातीत ‘च’ आणि ‘ज’ टाळूचेच. ‘चांपानेर’ला आवाजाने ‘त्सांपानेर’ केले, ‘जमनाबाईं’चा ‘ज’ ‘जन्म’ऐवजी ‘जखम’मधला लावला.

उपाय दोन. आवाजाला सूचना देण्याची एसएसएमएल नावाची खूणभाषा असते. तिच्यात उच्चार थेट ध्वनिचिन्हांनी देता येतो. पण ती सोय प्रत्येक मराठी आवाजात चालतेच असे नाही, आणि न चालल्यास बहुतेकदा कोणतीही चूक न दाखवता ती गप्प सोडून दिली जाते. दुसरा उपाय पर्यायी लेखनाचा: डोळ्यांना ‘चांपानेर’, आवाजाला ‘च्यांपानेर’, ‘जमनाबाई’ऐवजी ‘ज्यमनाबाई’. ‘य’ किंचित ऐकू येतो, पण चूक मिटते. उलट दिशेने, टाळूच्या ‘च’ला दातावर आणण्यासाठी ‘त्स’ लिहिणे टाळा. ‘त्सारा’ ऐकायला परदेशी वाटतो. तिथे वाक्य पुन्हा तयार करून पाहणे बरे. शेजारचे स्वल्पविराम हलवले तरी कधी कधी उच्चार बदलतो.

अशा शब्दांचा एक उच्चारकोश ठेवला. तीन रकाने: छापील शब्द, आवाजाला द्यायचा शब्द, पहिल्यांदा कुठल्या पानावर आला. शेवटी त्यात १४० नोंदी झाल्या. पुढच्या पुस्तकाला हाच कोश उपयोगी पडेल, त्यामुळे तो पुस्तकाच्या फाइलीत नव्हे, वेगळा ठेवायचा.

एक बाब आम्ही सोडून दिली. ‘त्याचे घर’ आणि ‘त्याचे भाऊ’ यांतले ‘चे’ जुन्या पिढीच्या तोंडी वेगळे असतात, पहिला दाताचा, दुसरा टाळूचा. आवाज दोन्ही टाळूचेच बोलला. पुस्तकभर दुरुस्त करण्याइतके हातांचे बळ नव्हते, आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघांनीच ते हेरले.

तुकडे करून पाठवणे

क्लाउड सेवांना एका वेळी ठरावीकच मजकूर चालतो. गूगलच्या सेवेत एका विनंतीला ५,००० बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलंत ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘क्षि’ हे एक अक्षर म्हणजे चार चिन्हे, बारा बाइट. म्हणजे एका विनंतीत साधारण १,६०० चिन्हे, जेमतेम एक पान. पैशांचा अंदाजही अक्षरांवर न करता चिन्हांवर करावा, नाहीतर बिल अपेक्षेपेक्षा बरेच वाढते. तुकडा परिच्छेदाच्या शेवटीच तोडायचा. वाक्याच्या मधे तोडला तर सूर जुळत नाही.

जुन्या गद्यातली साठ-साठ शब्दांची वाक्ये हा आणखी एक अडथळा. आवाजाचा दम मधेच संपल्यासारखा होतो. अर्धविरामाच्या जागी वाक्य तोडले, शब्द एकही बदलला नाही. परिच्छेदांमधे ७०० मिलिसेकंद, प्रकरणाच्या नावानंतर दीड सेकंद विराम ठेवला. वेग नव्वद टक्के, आणि तो सेवेच्या सेटिंगमध्येच कमी केला. तयार ध्वनी नंतर ताणला की ‘स’ आणि ‘श’ घासल्यासारखे येतात.

संपूर्ण मजकूर पक्का झाल्यावरच सगळा आवाज एका आठवड्यात काढला. कंपन्या मॉडेल अधूनमधून सुधारतात. तीन महिन्यांनी एक परिच्छेद पुन्हा काढला तर तोच आवाज नाव तेच ठेवून निराळा लागू शकतो. आवाजाचे नाव, तारीख, वेग, पट्टी हे सगळे नोंदवून ठेवायचे.

ऐकून तपासणे

प्रत्येक तुकड्याची चिन्हसंख्या भागिले सेकंद असा हिशेब आधी काढला. सरासरीपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असलेले तुकडे पहिल्यांदा ऐकले. काही न्यूरल आवाज लांब याद्यांत शब्द गाळतात किंवा दोनदा म्हणतात. ते या हिशेबात लगेच उघडे पडते. मग सगळे पुस्तक हातात मूळ प्रत घेऊन ऐकले. एका तासाच्या ध्वनीला दीड तास धरावा, आणि एका बैठकीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये, कारण नंतर कान चुका माफ करू लागतो. सापडलेली चूक ध्वनी कापून दुरुस्त करायची नाही. वाचनप्रतीत बदल करायचा आणि अख्खा परिच्छेद पुन्हा काढायचा.

उतारवयात वरच्या पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे १०० हर्ट्झच्या खालचे काढून २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जेमतेम २ डेसिबल वाढवले. ऐकणाऱ्यांपुढे स्त्रीचा आणि पुरुषाचा असे दोन नमुने ठेवले होते. पाचांपैकी चौघांनी पुरुषाचा भारदस्त आवाज निवडला. मूळ ध्वनी २४ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलींत जपला आणि वाटपासाठी ६४ केबीपीएस मोनो एमपी३ केल्या. तासाला २९ एमबीच्या आत. प्रत्येक फाइल दहा-बारा मिनिटांची, कारण स्वस्तातले यूएसबी रेडिओ बंद केले की जागा विसरतात. हे रेडिओ बऱ्याचदा फाइली नावाच्या क्रमाने न वाजवता पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने उतरल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून पेन ड्राइव्ह आधी कोरा करायचा आणि एकामागून एक फाइल टाकायची.

हक्कांचे

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. या पुस्तकाचा काळ कधीच उलटला होता. नंतरच्या आवृत्तीतली प्रस्तावना मात्र दुसऱ्या माणसाची, म्हणून वगळली. हक्कातले पुस्तक असते तरी अंध-अपंग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम प्रत करण्याची मोकळीक २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. एका दिवंगत शिक्षकांच्या जुन्या कॅसेटींवरून त्यांचाच आवाज तयार करावा अशी सूचना प्रेमाने पुढे आली होती. ती नाकारली. ज्यांचा आवाज, ते हो म्हणायला हयात नाहीत. पहिल्या फाइलीच्या सुरुवातीलाच ‘हा संगणकाने तयार केलेला आवाज आहे’ असे सांगितले आहे.

जात्यावरच्या ओव्या

पुस्तकात दोन ठिकाणी ओव्या आहेत, सगळ्या मिळून चौदा. आवाज त्या वर्तमानपत्राच्या बातमीसारख्या वाचत होता. ओळीगणिक विराम टाकून पाहिले, वेग कमी केला, पट्टी हलवली. ओवीचा हेलकावा काही येईना. तिसरा चरण जिथे लांबतो आणि चौथा जिथे थोडक्यात बसतो, ते खुणांनी सांगता येत नाही. त्या ओव्या मग काकूंनीच म्हटल्या. दुपारी, पंखा आणि फ्रिज बंद करून, भिंतींवर दोन गोधड्या टांगून, मोबाइल तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला. म्हणण्याआधी पाच सेकंदांची शांतता मुद्दाम घेतली, कारण संगणकाच्या आवाजामागे पूर्ण निःशब्दता असते आणि खोलीतल्या आवाजामागे खोली ऐकू येते. जोडाच्या दोन्ही बाजूंना ३०० मिलिसेकंदांत ती खोली हळूहळू उघडते आणि हळूहळू मिटते.